आत आणखी कोण आहे?

इंडोनेशियातल्या बितुंग बंदराच्या सिनेमागृहात दुपारच्या खेळाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको उभी होती. पोस्टरवर ओलिसांना सोडवायला निघालेले सैनिक होते.

"अहो, हा सिनेमा नको. घरी चला."

"नाही मेइस्के, मला बघायचंय."

"काय बघायचंय? चाळीस दिवस त्या चाच्यांच्या झोपडीत तुम्हीच होतात ना?"

"सैनिक शिरले तेव्हा मी पालथा पडून डोळे घट्ट मिटले होते. नुसत्या गोळ्या ऐकल्या."

"सुटलात, तेवढं पुरे की!"

"माझ्याबरोबर पकडलेला नोव्री जिवंत नाही सुटला."

"ते काय तुमच्या हातात होतं?"

"एका सैनिकानं मला विचारलं होतं, आत आणखी कोण आहे? नोव्री मागच्या खोलीत बांधलेला होता. मला माहीत होतं, पण तोंडच उघडेना."

"हे मला कधी बोलला नाहीत!"

"कुणालाच नाही."

"मग सिनेमात काय सापडणार आहे?"

"सिनेमात तरी कुणी त्याचं नाव सांगतं का, बघतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

तेवढ्यात खिडकी आली.

"किती तिकिटं, काका?"

त्यानं पाकीट पुन्हा खिशात टाकलं.

"अहो, ती विचारतेय."

"नको, पोरी. मेइस्के, नोव्रीची आई आत्ता घरी असेल?"

"या वेळी मासळी वाळत घालत असेल."

"मला दारातूनच हाकलून दिलं तर?"

"तर दारातच उभं राहून सांगा. मी आहे बरोबर."

दोघं रांगेतून बाहेर पडली. तिनं त्याचा दंड घट्ट धरला होता.