पाच तिच्या, पाच माझ्या

शिवाजी पेठेतल्या औषधाच्या दुकानात माझ्यापुढं एक म्हातारी उभी होती. दुकानदार तिला समजावत होता.

“आक्का, सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवल्यावर. ताप उतरला तरी थांबायचं न्हाय. पुऱ्या दहा संपवायच्या.”

“मागल्या खेपेलाबी दहाच दिल्या हुत्या की.”

“मग परत ताप कसा आला?”

“पाच मी घेतल्या, पाच जावंला दिल्या. तिलाबी तसाच खोकला हुता.”

“अवो, औषध कोण वाटून घेतंय व्हय?”

“चाळीस वर्सं आमची चूल एक. लुगडंसुदीक कधी एकटीला आलं न्हाय.”

“आता तसं करू नका. जावंला डॉक्टरकडं न्या.”

“कुठनं नेऊ, बाबा? परवा तेरावं झालं तिचं. दे, आता पुऱ्या दहा माझ्याच.”