स्पेसच्या बाजूने वर केलेला हात

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, माझे सर्व सहकारी, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या नणंदबाई, आणि आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना मी ऑफिसात 'सर' आणि घरी 'अहो' म्हणते, सर्वांना नमस्कार.

बायकोने नवऱ्याच्या निरोपाला बोलावं का, यावर काल घरी बरीच चर्चा झाली. शेवटी 'थोडक्यात आटप' या अटीवर परवानगी मिळाली. नणंदबाई हसताहेत, कारण ती अट मी पाळणार नाही हे त्यांना ठाऊक आहे.

त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट सांगते. प्रोग्राम लिहिताना काही ओळी आत सरकवाव्या लागतात, म्हणजे कुठला भाग कुठल्या भागात येतो ते डोळ्यांना कळतं. सरकवायच्या रीती दोन. टॅब दाबला की ओळ आत जाते, पण किती आत दिसायची ते वाचणारा आपापल्या एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या-वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठरवतो. स्पेस, म्हणजे एकेका अक्षराएवढ्या कोऱ्या जागा, दिल्या तर लिहिणाऱ्याने ठेवलेली जागा सगळ्यांना तेवढीच दिसते. एवढंच. यावरून माणसं भांडतात का? वन्सं, यावरूनच आमचं लग्न झालं.

मी इथे नवी होते, टॅब वापरणारी; इथला नियम स्पेसचा. हे माझ्या टेबलाशी आले, हातात प्लास्टिकची मोजपट्टी. म्हणाले, "तुमची फाइल माझ्याकडे वेडीवाकडी दिसते." मी म्हटलं, "माझ्याकडे सरळ दिसते." त्यांनी माझ्या पडद्याला पट्टी लावून पाहिली आणि परत गेले. त्या दिवसापासून ऑफिसात त्यांचं नाव मोजपट्टी पडलं. पुढे त्यांनी सगळ्यांच्या एडिटरमध्ये अशी सोय करून ठेवली की फाइल सेव्ह केली की प्रत्येक टॅबच्या चार स्पेस व्हाव्यात. मी ती माझ्याकडे बंद करायचे, ते येऊन चालू करायचे. या येण्याजाण्यात चहा सुरू झाला. चहाचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

आमच्या टीमची एक पद्धत आहे, तीही यांनीच घालून दिलेली. नियम बदलायचा असेल तर प्रस्ताव विरोधी बाजूच्या माणसाने मांडायचा, मग हात वर करून मतं घ्यायची. म्हणजे टॅब हवे असतील तर स्पेसवाल्याने उठून मागायचे. कोण उठणार? मी वर्षानुवर्षं लोकांना पटवत राहिले. अगदी घरीसुद्धा, भाजी चिरताना. हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मुद्दा बरोबर आहे, पण नियम राहू दे."

मग यांची नजर मंदावली. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी टिकवू. पडद्यावरची अक्षरं मोठी करत गेलो. पण अक्षरं मोठी केली की स्पेसही मोठ्या होतात. आत सरकलेली ओळ सुरू व्हायच्या आधीच पडदा संपायचा. ज्या माणसाने आम्हा सगळ्यांचं काम वाचून दुरुस्त केलं, तो एकेक ओळ बाजूला ओढत शोधत बसायचा. एक दिवस घरी म्हणाले, "वाचताच येत नसेल तर पगार कशाचा घ्यायचा?" आणि राजीनामा लिहिला.

राजीनामा ऑफिसात पोचला त्याच आठवड्यात आमच्या टीममधला सगळ्यात कट्टर स्पेसवाला, ज्याला आपण खडूस म्हणतो, बैठकीत उठला आणि त्याने टॅबचा प्रस्ताव मांडला. कारण सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. टॅब असले तर त्यांची रुंदी एका अक्षराएवढी करता येते, आणि ओळ पडद्यात मावते.

हे म्हणाले, "एका माणसासाठी नियम बदलत नसतात." बाजूने भराभर हात वर गेले. विरोधात कोण, असं विचारल्यावर यांचा एकट्याचा हात वर होता. मला ते बघवेना. उभा जन्म मी टॅबसाठी भांडले, आणि त्या दिवशी स्पेसच्या बाजूने हात वर केला. आम्ही दोघं दणकून हरलो. एवढं सुखाचं हरणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

रात्रीपर्यंत थांबायचाही धीर नव्हता. सगळ्या फाइली बदलल्या, आणि मीच यांच्या एडिटरमध्ये टॅबची रुंदी एक केली. समोर माझाच जुना प्रोग्राम होता, हवामान केंद्रांच्या नोंदी गोळा करणारा. हे पडद्याला नाक लावून वाचू लागले. मग ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "अगं, शेवटचं केंद्र यात सुटतंय. बघ जरा."

मी बघितलं नाही. मला पडदा दिसतच नव्हता, डोळे भरून आले होते. राजीनामा त्यांनी दुसऱ्या दिवशी मागे घेतला, आणि आज ते पूर्ण नोकरी करून, मानाने निघाले आहेत.

खडूससकट सगळ्या टीमचे, अध्यक्ष महोदयांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर आपण पोटात घालावं. फक्त आमच्या ह्यांनी घालू नये. माझी चूक दिसली की त्यांनी सांगावी. मला ती रोज ऐकायची आहे.