डॉक्टरांची फी

हॉस्पिटलच्या बिल काउंटरवर मी फी घेत होते आणि माझ्यापुढे एक आजोबा उभे होते.

"आजोबा, फी भरताना हसणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

"अगं, डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना होता, तेव्हा त्यांनी माझ्याकडून कधी पैसेच घेतले नाहीत. नोट पुढे केली की म्हणायचे, 'खिशात ठेवा, मास्तर.' दवाखाना बंद करून ते इथे नोकरीला लागले, तेव्हा म्हटलं, आता बरे तावडीत सापडले!"

"पण आजोबा, ते इथे पगारावर आहेत. हे पैसे हॉस्पिटलला जातात."

"सगळे?"

"सगळे. पेशंट कितीही येऊ देत, त्यांचा पगार तेवढाच."

"म्हणजे आजसुद्धा त्यांनी मला फुकटच तपासलं?"

"तसंच म्हणायचं."

"बघ! ऐकायचा नाही म्हणजे नाहीच हा माणूस."