सेन्सरला पाजलेलं दूध

गाडीचं विचारू नका, आधी चहा घेऊ द्या. इंजिनचा पिवळा दिवा विझायचं नावच घेत नव्हता आन् आईला डोळ्याच्या ऑपरेशनला नांदेडला न्यायचं होतं. मेकॅनिक रहीमभाई म्हणला, "ऑक्सिजन सेन्सर गेला. लातूरहून मागवा."

पार्सल आलं, ते घरी ठेवून मी ड्यूटीवर गेलो. दुसऱ्या दिवशी सेन्सर बसवला तरी दिवा तसाच. रहीमभाईनं तो परत काढला, हुंगला.

"साहेब, ह्याला दूध कुणी पाजलं?"

घरी येऊन आईला विचारलं.

"मीच अभिषेक केला. नवी वस्तू हाय, भस्मबी लावलं. माझ्याच डोळ्यासाठी जाऊन राहिली ना गाडी?"

दुसरा सेन्सर मागवला, तो थेट गॅरेजवरच. दिवा विझला, ऑपरेशनही नीट झालं. परत आल्यावर गाडीतून उतरता उतरता आई म्हणली, "बघ, पयल्यानं संकट अंगावर घेतलं म्हणून दुसरा नीट चालला. पयला फेकू नको."

आता तो देवघरात हाय. रोज दुधानं आंघोळ होती त्याची. आता त्याला काई होत न्हाई.