हा चीक नाही

बसा, बसा, कोणी उठू नका. आबा, तुम्हीही बसा. नानांच्या अंगणात केवढी माणसं जमलीत! मी सुनंदा. नानांच्या केळीबागेला लागून माझी बाग. माईक पहिल्यांदाच हातात धरतेय. आणि काय सांगू तुम्हाला! रडायला आलेय, पण पोटात आनंद मावत नाही. कोणाला राग आला तर येऊ द्या. मी आज जोरातच बोलणार!

नानांना जो आजार होता, तोच मला झालाय. ते गेले. मी तुमच्यासमोर उभी आहे. का उभी आहे, तेच सांगायचंय.

आपल्याकडे केळी कापणाऱ्याचे कपडे कसे असतात? चीक लागला की तपकिरी डाग पडतो, तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. आपण त्या डागाकडे बघतो तरी का? नानांची सर्दी हटत नव्हती, नाकात खपल्या धरायच्या, खोकला यायचा. खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसायचे. रुमालावर डाग. अक्का नवऱ्याचा तो रुमाल कढत पाण्यात घासून घासून दमायच्या आणि म्हणायच्या, चीक आहे, जायचा नाही. नाना म्हणायचे चीक. आम्ही सगळे म्हणायचो चीक!

रक्त होतं हो ते! कळलं तेव्हा पाय सुजलेले आणि किडन्या गेलेल्या. मग यष्टीने जळगावला डायलिसिसच्या वाऱ्या सुरू.

डॉक्टरांनी नानांना समजावलं, नानांनी आम्हाला. म्हणाले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले राखणदार. शरीर चुकून काहीतरी भलतंच तयार करतं आणि ते या राखणदारांना भडकवतं. मग ते आपल्याच रक्ताच्या नळ्यांवर तुटून पडतात. नाकातल्या, फुप्फुसातल्या, किडनीतल्या अगदी बारीक नळ्या सुजतात, फुटतात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण वेळेवर धरला तर आवरता येतो. वेळेवर!

तेव्हापासून नानांना एकच नाद. ज्याच्या त्याच्या कपड्याकडे बघायचं! अहो, भाच्याच्या लग्नात नवरदेवाच्या रुमालावरचं कुंकूसुद्धा नखाने खरवडून पाहिलं. नवरीकडचे हसून हसून बेजार.

मागच्या हिवाळ्यात नानांच्या शेतात भरीत होतं. काड्यांवर वांगी भाजत होतो. मला खोकला आला. मी म्हटलं, धूर लागला. साडीवर घालते तो जुना शर्ट अंगात होता, त्याच्या बाहीला नाक पुसलं. नाना अमळनेरकडचे, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. म्हणाले, "सुनंदा, बाही दखाड."

मी म्हटलं, "नाना, चीक आहे. वांगी बघा, करपतील!"

ऐकतात कसले! तांब्या उचलला आणि आदल्या दिवसाच्या डागावर पाणी ओतलं. चीक पाण्याला हलत नाही; रक्त कढत पाण्यात पक्कं बसतं, पण गार पाण्यात सुटतं. तो डाग सुटला. लालसर पाणी माझ्या कोपरावरून खाली गळलं.

"हाऊ चीक नही शे," नाना म्हणाले. "हाई रगत शे. उद्या जळगावले जाय."

मी गेले नसते. खरंच नसते गेले. कापणीची गाडी लागायची होती. पण सकाळी नाना माझ्या दारात हजर, चपला घालूनच! सोबत बसले यष्टीत. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. मी म्हटलं, रक्त नाकातलं आणि लघवी कशाला? लघवीत रक्त निघालं. मग रक्ताची ती अँकाची तपासणी, राखणदारांना भडकवणारं ते भलतंच शोधणारी. तीही नको तशीच आली. औषधांनी माझं तोंड टम्म सुजलं, तेव्हा नाना म्हणाले, आता खरी बागायतदारीण दिसतेस!

गेल्या आठवड्यात न्यूमोनियाने नानांना नेलं. आणि आज सकाळी डॉक्टरांचा फोन. सुनंदाताई, आजार दबलाय, तुमच्या किडन्या वाचल्या! औषध सोडायचं नाही, तपासणी चुकवायची नाही. ऐकलंत का? वाचल्या!

बोटांनी आपोआप नानांचाच नंबर लावला. अक्कांनी उचलला. मी त्यांना सगळं सांगितलं. मग अक्का एवढंच म्हणाल्या, "तो रुमाल मी किती घासला गं."

अक्का, इकडे बघा माझ्याकडे. तुमच्याच रुमालावर नाना डाग ओळखायला शिकले. तो डाग गेला नाही, म्हणून मी आहे. त्याचा त्रास करून घेऊ नका. मला बघा आणि जेवा दोन घास. मी रोज येणार आहे जेवायला.

आता श्रद्धांजलीला उभे राहा. पण जरा थांबा. सगळ्यांच्या हातात रुमाल आहेत, बायांच्या हातात पदर आहेत. डोळे पुसून पुसून ओले झालेत. उघडा ते. एकदा नीट बघा, काही सुटतंय का.

बघितलं? आता घ्या डोळे मिटून.

नाना, बठ्ठा बघायला लागले, सगळे!