मगळु म्हणजे मुलगी

कानडी मुलखातल्या एका सरकारी कचेरीत, तक्रारी ऐकणाऱ्या साहेबांच्या दाराबाहेर हर्षिता आपला नंबर यायची वाट बघत होती. शेजारच्या नवराबायकोचं मराठी कानावर पडलं, तसा तिने फोन खाली ठेवला. बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून एक पोर झोपली होती.

"सकवार, आत गेल्यावर नीट सांग. सरकारनं सांभाळायला दिलेली पोर आहे म्हणावं."

"सांगते की."

"चौकशीला घरी आलेल्या बाईंना काय सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, नम्म मगळु."

"मगळु म्हणजे मुलगी, नम्म म्हणजे आमची. त्यांनी तसंच वर कळवलं. पोटच्या मुलीला कुणी सांभाळायचा भत्ता देतं होय? झाला बंद."

"अहो, ही माझा पदर धरून तिथंच उभी होती. तिच्यासमोर दुसरं काय म्हणू?"

"ते कळतं गं. पण तिची बोलायची शिकवणी त्या भत्त्यावर चालते. आत्ता कुठं चार शब्द बोलायला लागलीय."

"झोपलीय तोवर म्हणून बघते. सांभाळायला दिलेली... नाही हो, जीभ वळत नाही."

"सरी, बरं, राहू दे. तू गप्प बस, मी सांगतो."

दार उघडलं. शिपायाने सकवारबाईंचं नाव पुकारलं आणि पोरीकडे बोट दाखवून कन्नडमध्ये विचारलं, ही कोण?

नवऱ्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं. ती जागी झाली आणि त्याच्या गळ्याला बिलगली.

"नम्म मगळु," तो म्हणाला.

"झालं नीट सांगून?" सकवारबाईंनी विचारलं.