कोर्स बटईनं भेटते का?

...नाही नाही, तुम्हीच सांगा, माणसानं साधा एक सवाल इचारला त त्यात चुकलं काय? लागत किती अन् निघते किती? बस! वावरात पऱ्हाटी लावा का तूर पेरा, आमच्या सात पिढ्या हाच सवाल इचारत आल्या. अन् मी बायकोले इचारला त ती म्हणते, "तुमचा माह्यावर भरोसाच नाही!" आता यात भरोशाचा काय संबंध? घरची बाई, चाळिशीले टेकलेली, दहावीतल्या पोरीची माय, अन् एक दिवस भाकर वाढता वाढता म्हणते, "सोनूचे बाबा, मले कोर्स कराचा हाये. गाडी दुरुस्तीचा." मी म्हटलं, शिलाईचा म्हणाली असशीन. "गाडी दुरुस्तीचा." मंग म्हटलं, ब्युटी पार्लरचा? "गाडी... दुरुस्तीचा!" हातातली भाकर वरणात पडली नं बाप्पा!

तुम्हाले सांगतो, हे खूळ निघालं माह्याच फटफटीतून. घाटंजीचा बाजार करून येताना ती रस्त्यात बंद पडणारच, नवस बोलल्यासारखी! मागच्या उन्हाळ्यात अशीच, बायको कोकिळा मांगं बसलेली, मांडीवर वांग्याची पिशवी, अन् गाडीनं म्हटला राम. ढकलत नेली मिस्त्रीकडं. त्यानं प्लग काढला, काचकागदानं घासला, फू केलं, बसवला अन् म्हणते, "तीनशे." देल्ले मी. भरचौकात काय घासाघीस कराची? पण कोकिळा टक लावून पाहून राह्यली होती नं! घरी आल्यावर बी बोटं हवेत फिरवून राह्यली, पाना धरल्यासारखी. मले वाटलं, ऊन लागलं हिले. पुढच्या बाजारी गाडी पुन्हा बंद, त ही खाली उतरली, पदर खोचला, पान्यानं प्लग काढला, माचिसच्या बाजूवर घासला, फू केलं, बसवला, "मारा किक." मारली... चालू! अन् मंग रस्ताभर मांगून एकच, "एवढ्याचेच तीनशे? सोनूचे बाबा, एवढ्याचेच तीनशे?"

झालं! त्या दिवसापासून गावात कोणाच्या दारी कोणती गाडी हाये, हे तिले तोंडपाठ. "साधं ऑइल बदलाले सारं गाव घाटंजीले जाते. गावात मिस्त्री काहून नाही?" मी म्हटलं, अवं पण बाईमाणूस... "काहून, पाना बाईच्या हातात फिरत नाही?" म्हटलं ठीक हाये, पण पेरणीआधी हिशोब पाहिजे. लागत किती अन् निघते किती?

पयले फोन लावला साळ्याले. कपिल म्हणजे कोकिळाचा भाऊ, पांढरकवड्याले हायवेवर त्याचं गॅरेज हाये. थो म्हणते, "भाऊजी, बहीण हाये माही, फुकट शिकवतो! पयले सा महिने पाने पुसाचे, मंग सा महिने टायर खोलाचे, मंग पाहू." टायर कायचे? ट्रकचे! अरे, टायर तुह्या बहिणीपेक्षा वजनदार हाये बे! मंग सरकारी आयटीआय पाह्यलं. फी मामुली, शिकवणं पक्कं, पण दोन वर्षं! तोवर सोनू कॉलेजात जाईन, मायलेकी एकाच यष्टीत, अन् कापूस येचाले कोण, मी एकटा? मंग नागपूरच्या एका क्लासचा नंबर भेटला, तिथली पोट्टी फोनवर इतकं गोड बोलते का काय सांगू, "सर, शंभर टक्के जॉब, सर! हॉस्टेल वेगळं, सर!" फी सांगतली सत्तर हजार. आमच्या घरी रुपयात कोणी मोजत नाही, कापसात मोजते. दहा क्विंटल! दहा क्विंटल कापूस नागपुरात नेऊन टाकाचा, अन् थ्या पोट्टीनं म्हणाचं, "थँक्यू, सर"!

शेवटी भेटला यवतमाळचा क्लास. तीन महिने, दुचाकी अन् त्या बॅटरीवाल्या स्कुट्या, सारं शिकवते. फी एकवीस हजार, म्हणजे तीन क्विंटल. आता तीन क्विंटल म्हणजे काय वांगे हायेत? निघालो पाहाले. मी, कोकिळा अन् आमचे बापूजी. बाप हाये माहा, सोयरीक पाहाले जावं तसं धुतलेलं धोतर अन् टोपी घालून यष्टीत सगळ्यात आधी जाऊन बसला!

तिथं टाय लावलेलं एक पोट्टं बसलं होतं. "या काका, बसा. आपल्याकडे पेमेंटचे खूप ऑप्शन आहेत." म्हटलं बाबू, लागत समजली, आता निघते किती थे सांग. "काका, ते कॅंडिडेटवर डिपेंड आहे." पाहा! बियाण्याचं दुकानवाला बी हेच म्हणते, पीक वावरावर हाये म्हणते! मंग मी म्हटलं, असं कर, बटईनं देतो का? पोट्टं म्हणते, "काय?" म्हटलं, कोर्स! कोर्स बटईनं भेटते का? मक्त्यानं पैसे आधीच जाते, पीक बुडालं त आम्ही बुडलो. बटई कर. शिकवणं तुमचं, मेहनत हिची, पिकलं त वाटून घेऊ! पोट्टं बिचारं कॉम्प्युटरमधी पाहाले लागलं नं, बटईचा ऑप्शन हाये का म्हणून! "काका, ईएमआय आहे..." म्हटलं थे काय असते? "दर महिन्याला थोडे थोडे." अबे म्हणजे मक्ताच, निस्ता किस्तीनं!

अन् कोकिळा? ती ऐकतच नव्हती. काचेच्या पल्याड एक स्कुटी उघडून ठेवली होती, सारं पोट बाहेर काढलेली, तिकडं पाहून राह्यली होती. सोनू झाली तवा पोरीकडं पाह्यलं होतं, तशी. लग्नापासून या बाईनं माह्याजवळ काही मांगलंच नाही. खरं सांगू का, मले तीन क्विंटलचं भेव नव्हतं. हे जमलं नाही, गाव हासलं, त ही पुन्हा कधी काही मांगणार नाही, याचं भेव होतं. पण असं बोलता येते का टायवाल्यासमोर? म्हणून मी आपला रेटत होतो, लागत किती अन् निघते किती!

तेवढ्यात आतून क्लासचे मालक आले, नीळकंठ सर. हासत हासतच आले. "बटई कोण म्हणालं? बारा वर्षात पयला माणूस भेटला!" सर मूळचे महागावकडचे, स्वतःचं वावर बटईनं देलेलं! कोकिळाले म्हणे, "बाई, काहून शिकाचं हाये?" ती म्हणे, "सर, प्लग घासाचे तीनशे घेते." बस, एवढंच. सर खुर्चीवर टेकले. "देतो बटईनं. अर्धे आता, अर्धे कमाईतून. पण बटईत राखण लागते. एक खाडा झाला का बटई मोडली. घरच्या कामात बाई अडकली नाही पाहिजे. राखण कोण करन?" अन् आमचे बापूजी, ज्यायले कोणी इचारलंच नव्हतं, टोपी सावरून म्हणते, "हा करन नं!" कोण हा? मी!

मंग काय! सकाळच्या यष्टीनं कोकिळा यवतमाळले, अन् मी चुलीसमोर. सोनूचा डब्बा मी, बापूजीचं वरण मी, भांडे मी. वावरात जाचं त आधी कणीक! पयल्या आठवड्यात दोन बोटं भाजली. भात असा झाला का, कुत्र्यानं वास घेतला अन् दुसऱ्याच्या घरी गेलं. पण खाडा? एक होऊ देल्ला नाही! ताप आला तरी यष्टीत बसवून देल्ली. ताप मले आलता, तिले नाही.

अन् पिकलं नं बाप्पा! आज घराच्या ओट्याले लागून तिचं दुकान हाये. पोट्टे येते, मास्तरीण येते, "कोकिळाबाई, माह्या स्कुटीचा ब्रेक पाहा नं!" पयले पयले कोणी कोणी गालात हासलं, आता थेच नंबर लावून बसते. दिवाळीच्या आत सरायचा वाटा फिटला. देताना सर म्हणे, "आणखी कोणी बटईवाल्या असतीन त पाठवा." लागत किती अन् निघते किती, आता कोकिळाच मले ऐकवते! छाती भरून येते हो, खोटं कायले बोलू.

फक्त चूल तेवढी माह्याकडंच राह्यली. तिले फुरसत कुठं हाये? परवा बापूजीनं माही भाकर हातात धरली, इकडून पाह्यली, तिकडून पाह्यली, ताटावर टकटक वाजवली अन् म्हणते, "पोरा, यवतमाळात याचा बी कोर्स असन त नाव टाक. पण मक्त्यानंच टाक... तुले बटईनं कोणी घेणार नाही!"

गेलतो बाप्पा काल, चौकशी करून आलो. मक्त्यानंच हाये.